बरी झालीय

पेणमध्ये गणपतीच्या मूर्तीचं जास्तीत जास्त कौतुक म्हणजे 'बरी झालीय'. त्याच्या वरची पायरी आमच्याकडे नाही. वडिलांनी आखणीचा, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचा ब्रश माझ्या हाती दिला, त्यानंतर कित्येक हंगाम ते नुसतं 'हूं' करायचे. ज्या दिवशी 'बरी झालीय' म्हणाले त्या दिवशी आईने देवापुढे साखर ठेवली. गिऱ्हाईक तर तेवढंही बोलत नाही. ते मूर्तीभोवती फिरतं, सोंड बघतं, पोट बघतं, 'मागल्या वर्षी कान मोठे होते का हो?' असं विचारतं आणि खिशात हात घालतं. खिशात हात गेला की समजायचं, आवडली.

अशा गावातला माणूस साठी उलटल्यावर फेसबुकवर गेला.

खातं मुलाने उघडून दिलं. हमरापूर-जोह्याकडचे कारखानदार मूर्तीचे फोटो टाकून घरबसल्या ऑर्डरी घेतात, आपण काय दारातच बसून राहायचं, हे त्याचं म्हणणं. 2004 साली अमेरिकेतल्या हार्वर्डच्या पोरांनी आपापसात वापरायला काढलेली ही वस्तू 2006 मध्ये तेरा वर्षांवरच्या कोणालाही खुली झाली. म्हणजे माझ्यापर्यंत यायला तिला बराच वेळ लागला. पण आमच्या दारावरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण बघता मी त्याला उशीर म्हणणार नाही.

आत गेल्या गेल्या ते विचारतं, तुमच्या मनात काय आहे? पहिल्याच भेटीत! आमच्याच तालुक्यातल्या गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून वर्षभर मौन पाळलं होतं. देश त्यांच्या तोंडाकडे बघत होता आणि ते गप्प होते. मी तर साधा मूर्तीवाला. माझ्या मनात त्या वेळी काथ्याचे भाव होते, ते मी लिहिले नाहीत.

मग जन्मतारीख. माझा जन्म भादव्यातला, घरात मूर्ती हलवायची धांदल चालू असताना. आई म्हणायची, 'तुला ठेवायला जागा नव्हती, पाटावर दोन गणपतींच्या मधे ठेवला.' शाळेत नाव घालताना गुरुजींनी मात्र 1 जून लिहून टाकलं. त्यांनी माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं, हे फेसबुकवर कळलं. 1 जूनला सकाळपासून फोन थरथरायला लागला. मित्र मला शुभेच्छा देत होते, मी त्यांना देत होतो, आणि ज्या दिवशी कोणीच जन्मलं नव्हतं तो दिवस आम्ही दणक्यात साजरा केला.

'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून ते अधूनमधून एकेक चेहरा पुढे करतं. पहिला चेहरा माझ्या चुलतभावाचा. ओळखतो! त्याने बांध हातभर आत सरकवलाय, त्यावरून आमची तारीख-पे-तारीख चालू आहे. खाली लिहिलं होतं, म्युच्युअल फ्रेंड: एक. उघडून बघितलं तर आमचा वकील. आता हा वकील माझा, की त्याचा, की दोघांचा, यावर मी रात्रभर कूस बदलत होतो.

रोह्याला माझा मेव्हणा असतो. गाडीने तासाभराचा रस्ता, पण भेट लग्नाकार्यातच. पूर्वी थंडीत तो पोपटी लावायचा आणि मला कळायचं नाही, त्यामुळे संबंध उत्तम होते. आता मला सगळं दिसतं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. जाळाभोवती हसणारी माणसं मोजली, एक सोडून सगळी माझ्या ओळखीची. आणि एवढं बघून झाल्यावर खाली अंगठा, तो मी दाबावा ही अपेक्षा. बायको म्हणाली, 'दाबा, नाहीतर वाईट दिसेल.' दाबला. माझा अंगठा बघून मेव्हण्याने लिहिलं, 'दाजी, यायला पाहिजे होतं!'

या अंगठ्याचंच मला कोडं आहे. तो 2009 मध्ये आला. नुसत्या अंगठ्याने भागेना म्हणून 2016 मध्ये बदाम, हसू, आश्चर्य, रडू आणि राग आले. 2020 मध्ये बदामाला मिठी मारलेला एक चेहरा आला. एवढं सगळं केलं, पण 'ठीक आहे, सोंड बघा जरा' यासाठी काही नाही. तिथे माणूस एकतर भारावतो नाहीतर भांडतो. शाडूच्या मूर्तीच्या फोटोखाली कोणीतरी 'प्लास्टरची का?' विचारलं, तर दोन अनोळखी गृहस्थ प्रदूषणावरून दोन दिवस एकमेकांचं शिक्षण काढत होते. मूर्ती दोघांनीही घेतली नाही.

आणि भारावणं तरी किती! मुलाने एकदा कारखान्यात रांगेने ठेवलेल्या मूर्तींचा फोटो टाकला. अंगाचा रंग झालेला, सोवळं रंगवून झालेलं, आखणी व्हायची होती. म्हणजे डोळ्यांच्या जागी नुसत्या कोऱ्या खाचा. तासाभरात खाली ओळ लागली: अप्रतिम, निःशब्द, जिवंत, शब्दच नाहीत, निःशब्द. एका ताईंनी लिहिलं, 'डोळ्यांत काय करुणा आहे!' त्याला खूप बदाम पडले. मी चष्मा पुसून फोटो पुन्हा बघितला. मुलगा म्हणाला, 'बाबा, रीच वाढतोय, तुम्ही काही बोलू नका.' मी उगाच आयुष्यभर पापण्यांच्या केसाएवढ्या रेघांसाठी श्वास धरून बसलो.

परवा मात्र दादरच्या जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं. वडिलांच्या वेळचं घराणं, बोलणं मोजकं. एवढंच लिहिलं होतं, 'उंदीर यंदा बारीक वाटतो.' मुलगा म्हणाला, 'डिलीट करतो, धंद्याला बरं दिसत नाही.' मी म्हटलं, हात लावून तर बघ. तसाच उठून कारखान्यात गेलो, मागल्या सालचा उंदीर शोधला, दोघांना शेजारी ठेवलं. रबरी साचा झिजला होता. कानाची कड गेली होती, पोटही आत ओढल्यासारखं झालं होतं. कारागीर रोज साच्यातून उंदीर काढत होते, एकालाही दिसलं नव्हतं. दादरला बसून त्या माणसाने अंगठ्याएवढ्या फोटोत बघितलं.

नवा साचा करायला सांगून वर आलो, तोवर मुलाने उत्तर देऊन टाकलं होतं: 'धन्यवाद सर, आपलं प्रेम असंच राहू द्या', पुढे जोडलेले हात आणि तीन बदाम.

खाली लगेच दादरचं उत्तर आलं, 'प्रेम राहील. उंदीर बघा.'