काच खाली करून बाटली फेकणाऱ्या भावास

भावा,

तुझं नाव मला माहीत नाही आणि पावसात गाडीचा नंबरही वाचता आला नाही, म्हणून हे पत्र उघडंच लिहितोय. आषाढातला रविवार, गाडीत चौघं-पाचजण, कोल्हापूरची फुलेवाडी सुटली की गाणी मोठी, आणि कळे, साळवण, असळज मागं टाकत गगनबावडा. त्यात गैर काहीच नाही. गगनगडावर ढग उतरलेले असतात, करूळ आणि भुईबावडा घाटांच्या तोंडाशी दहा हातांवरचं दिसत नाही. हे बघायला माणसानं यावंच.

पण भरलेली बाटली तू कोल्हापुरातून मांडीवर जपत आणलीस आणि रिकामी झाल्यावर तिचं ओझं तुला पेलवेना? काच खाली केलीस, खांबावर नेम धरलास. नेम बरोबर लागला, दोस्तांनी शिट्ट्या मारल्या. तो खांब भाताच्या बांधावर उभा होता. काच कुठं पडली, ते बघायला तू थांबला नाहीस.

रोपलावण कधी जवळून बघितलीस का रे? चिखलणी करून रान लोण्यासारखं मऊ करतात. मग बायका एका ओळीत वाकतात आणि रोप टोचत मागं मागं सरकतात. पाय मागं कुठं पडतोय ते दिसत नाही, गढूळ पाण्यात दिसणारही नाही. पायात काही घातलं तर ते चिखलात रुतून बसतं, म्हणून सगळ्या अनवाणी. तू फेकलेली काच या चिखलात कुजत नाही. दर साली नांगरट झाली की तिचे आणखी बारीक तुकडे होतात आणि रानभर पसरतात.

साळवणच्या पुढं एका मावशींच्या टाचेत असाच एक तपकिरी तुकडा घुसलेला मी पाहिला. त्या बांधावर बसल्या, चिमटीत धरून तो उपसून काढला, फडकं गच्च आवळलं, वर प्लास्टिकची पिशवी चढवून सुतळीनं बांधली आणि पुन्हा ओळीत उतरल्या. रोपांचा तरवा उपटून झालेला होता आणि शेजारणीच्या उसन्या कामाचा पैरा फेडायचा होता. दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन, सगळं संध्याकाळनंतर. अशा उघड्या जखमेतून लेप्टोस्पायरोसिसही शिरतो. उंदराच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात उतरणारा हा रोग जीवही घेतो. त्या दिवशी तू घरी जाऊन फोटो टाकले असशील.

बैलाला तर सांगताही येत नाही. खुराच्या बेचक्यात काच गेली की तो लंगडतो आणि ऐन हंगामात औत थांबतं.

तुला वाटतं, घाण घाटावर राहिली, आपण शहरात आलो. गगनबावड्याचं पाणी कुंभीत येतं आणि कासारी, तुळशी, भोगावती यांच्याबरोबर कुंभीही पंचगंगेला मिळते. तू फेकलेल्या पिशव्या आणि प्लास्टिकचे ग्लास त्याच पाण्याबरोबर खाली येतात. पावसाळ्यात पुराचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं का, 43 झालं का, म्हणून तू मोबाइल बघत बसतोस. भावा, ते पाणी तू सहलीला गेलास तिथूनच निघालेलं असतं.

यावर उपाय आहे आणि तो दुसऱ्यांनी करून दाखवलाय. तमिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर 2022 पासून दारूच्या बाटलीमागं 10 रुपये जादा घेतात आणि रिकामी बाटली परत आणली की ते परत देतात. तिथं फुटक्या काचांनी जंगलातल्या हत्तींचे पाय चिरत होते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीला हाच नियम लावा, ही मागणी आम्ही करणार आहोत. हत्तीच्या पायासाठी जे होऊ शकलं, ते लावणीला उतरणाऱ्या बाईच्या पायासाठी का होऊ नये?

नियम येईल तेव्हा येईल. पुढच्या रविवारी निघताना डिकीत एक रिकामं पोतं टाक. बाटल्या त्यात भर आणि कोल्हापुरात येऊन भंगारवाल्याला दे. आणि वाटेत मांडुकलीजवळ लावणी चालू दिसली तर गाडी बाजूला घे, उतर, चपला काढ आणि बांधावरून दहा पावलं चालून बघ.

तुझाच,
त्याच रस्त्यानं रोज येणारा-जाणारा एकजण