विषय: परिषदेस हजर राहण्याची तयारी पूर्ण झाल्याबाबत

प्रति,
मा. निमंत्रक व संयोजन समितीचे सर्व सदस्य,
फार्मसीच्या विद्यार्थ्यांची परिषद, हैदराबाद.

महोदय,

स. न. वि. वि.

वरील विषयास अनुसरून कळविण्यास आनंद होतो की, आपल्या तीन दिवसांच्या परिषदेसाठी लागणारी माझी सर्व तयारी पूर्ण झाली आहे. पोस्टरवर काय बोलायचे तेवढे राहिले आहे. ते गाडीत होते, असे आमच्या सीनियर्सचे म्हणणे आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आपले माहितीपत्रक वर्गाच्या ग्रुपवर आले तेव्हा माझी समजूत अशी की, परिषदेला जायचे म्हणजे तिकीट काढायचे आणि जायचे. पण विद्यार्थिनी परगावी निघाली की कॉलेजात तिचे प्रकरण होते, आणि प्रकरण म्हटले की फाइल आली. अर्ज आधी वर्गशिक्षक मॅडमकडे, मग विभागप्रमुख, मग प्राचार्य, आणि या सगळ्यांच्या आधी, मध्ये व नंतर ऑफिसातले भाऊसाहेब. विषयाच्या ओळीत शेवटी ‘बाबत’ नाही म्हणून माझा पहिला अर्ज त्यांनी वाचायच्या आधीच परत केला. आपल्याला लिहिताना ती काळजी घेतली आहे, हे वर दिसलेच असेल.

फार्मसी कौन्सिलच्या नियमाप्रमाणे आम्हाला ८० टक्के हजेरी लागते. त्यामुळे परिषदेचे तीन आणि प्रवासाचे दिवस ‘ड्युटी लीव्ह’मध्ये धरायचे की गैरहजेरीत, यावर स्टाफरूममध्ये जी चर्चा झाली तेवढी माझ्या प्रोजेक्टवर झाली असती तर मी आज पीएच.डी. असते. मग पालकांचे संमतिपत्र. त्यात छापीलच होते की, प्रवासात माझ्या पाल्याचे काही बरेवाईट झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. बाबांनी सही केली. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि म्हणाली, “हे कसलं गं कॉन्फरन्स, आधी बरंवाईट लिहून घेतात?”

आपल्या शिस्तीचे मात्र कौतुक केले पाहिजे. गोषवारा अडीचशे शब्दांचा हवा, नोंदणी शुल्क भरल्याची पावती जोडल्याशिवाय तो विचारात घेतला जाणार नाही, आणि भरलेले शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, हे तिन्ही नियम एकाच परिच्छेदात आहेत. मी पैसे भरले, स्क्रीनशॉट जोडला आणि चहा करायला उठले. चहा गाळून होईपर्यंत आपल्या तज्ज्ञ समितीने माझे संशोधन तपासून स्वीकारलेसुद्धा. स्वीकृतिपत्रात माझ्या कामाला ‘नावीन्यपूर्ण’ म्हटले आहे. शेजारच्या खोलीतल्या मुलीने चुकून नुसते शीर्षकच पाठवले होते, तिचेही काम नावीन्यपूर्ण निघाले. अर्ली बर्डची मुदत आपण वाढवली, मग पुन्हा वाढवली. ज्यांनी पहिल्याच मुदतीत धावपळ करून पैसे भरले त्या आम्हा पक्ष्यांची मात्र आपण कुठेच दखल घेतली नाही.

यंदाच्या विषयसूत्रात आपण कृत्रिम बुद्धिमत्ता, शाश्वत विकास आणि २०४७ साल ही तिन्ही एका वाक्यात बसवली आहेत. माझे काम कडुनिंब आणि कोरफडीच्या जेलवर आहे. गाइड सर म्हणाले, प्रस्तावनेत एक ओळ टाक. टाकली. आता माझे जेल २०४७पर्यंतच्या भारताला उपयोगी पडणार आहे. खरे तर ते तीन महिनेही टिकत नाही, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे.

आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत असलेच जेल केले असेल, म्हणून थोडक्यात सांगते. देशातल्या फार्मसी कॉलेजांतून दरवर्षी कडुनिंब, तुळस, हळद आणि कोरफड यांचे इतके जेल तयार होते की त्वचारोग आतापर्यंत लाजून निघून जायला हवे होते. कार्बोपोल रात्रभर पाण्यात भिजवायचा, त्यात अर्क मिसळायचा आणि ट्रायइथॅनॉलअमाइन थेंबाथेंबाने सोडत ढवळायचे. बराच वेळ काही होत नाही आणि मग एका थेंबाला ते पातळ पाणी ढवळणीला धरून बसते. चार वर्षांत प्रयोगशाळेत बघितलेली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पुढचे सगळे ठरलेले: पीएच, दोन काचपट्ट्यांमध्ये जेल दाबून वरची पट्टी किती सेकंदांत सरकते ते मोजायचे, आणि ब्रूकफील्ड व्हिस्कोमीटर रिकामा मिळाला तर व्हिस्कॉसिटी.

शेवटची पायरी टिकाऊपणाची. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवायचे आणि मधूनमधून काढून तपासायचे. यातले ४० अंश आम्हाला एप्रिल-मे महिन्यांत निसर्गाकडून फुकट मिळतात, उलट वर दोन-तीन अंश सूटही मिळते. आर्द्रतेसाठी मात्र कपाट लागते. माझ्या बाटल्या त्या कपाटात होत्या. पहिल्या महिन्यात जेल ठीक होते, दुसऱ्या महिन्यातही. तिसऱ्या महिन्यात बाटली आडवी केली तर धार लागली.

महोदय, मला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. चार वर्षांत पहिल्यांदा असे काही घडले होते जे प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आधीपासून लिहिलेले नव्हते. कोरफडीच्या गरात क्षार असतात, आणि क्षारांपुढे कार्बोपोल नांगी टाकतो, हे पुस्तकात आहे. तेच झाले असेल का? मग तिसऱ्याच महिन्यात का, पहिल्याच दिवशी का नाही? मी धावत गाइड सरांकडे गेले. सरांनी बाटली उजेडात धरली, आडवी केली, सरळ केली आणि म्हणाले, “दोनच महिन्यांचा डेटा टाक. पोस्टरवर निगेटिव्ह काही दिसायला नको.” त्यामुळे आपण स्वीकारलेल्या गोषवाऱ्यात माझे जेल ‘स्थिर’ आहे.

आता पोस्टर. आपण ‘ए झिरो’ आकार सांगितला, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. हा आकार घेऊन मी आमच्या चौकातल्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथे मिलिमीटर चालत नाही. दादांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि खाली बसलेल्या पोराला ओरडून सांगितले, “पावणेतीन बाय चार घे बे!” त्यांचे सगळे आयुष्य वाढदिवसांच्या बॅनरांत गेले आहे, त्यामुळे कोणताही मजकूर कुठे बसवायचा याचे त्यांचे नियम पक्के आहेत. मार्गदर्शक म्हटल्यावर त्यांनी सरांचा फोटो वरच्या गोलात घेतला, जिथे एरवी साहेब असतात. माझा फोटो मोठा, कमरेपर्यंत, हात जोडलेला हवा होता. तो नाही म्हटल्यावर त्यांना माझी काळजी वाटली. खाली शुभेच्छुकांसाठी जागा सोडली होती, तिथे शेवटी मी संदर्भसूची बसवली.

मग ‘म्यू’चा घोळ झाला. मायक्रोग्रॅममधला म्यू त्यांच्या फाँटमध्ये नव्हता, तिथे चौकोन येत होता. त्यांनी दिसायला जवळचा म्हणून इंग्रजी ‘एम’ टाकला आणि माझ्या अर्काची मात्रा एका झटक्यात हजारपट झाली. मी ओरडल्यावर दादा म्हणाले, “ताई, एवढं कोण वाचतंय?” आपल्या परिषदेला एकदाही न येता त्यांना हे कसे कळले असेल, याचा मी अजून विचार करते आहे.

पण तेच दादा पुढे आलेखावर अडले. व्हिस्कॉसिटीच्या आलेखात आडव्या रेषेवर शून्य, एक, दोन, तीन असे महिने होते आणि तिसऱ्याच्या वर काही नव्हते. एक्सेलने ती जागा रिकामी ठेवली होती आणि माझ्या ते लक्षात राहिले नव्हते. त्यांनी माउसने तिथे टकटक केले. “इथला खांब टाकायचा राहिला, ताई.” मी म्हटले, तो नाही टाकायचा. “का?” जेल पातळ झाले म्हणून. दादा खुर्ची वळवून बसले. “कशानं झालं पातळ?” माहीत नाही. “उन्हात होतं का झाकून? आमचे बॅनर बघा, दक्षिणेकडचा आधी उतरतो.”

कार्बोपोलचे जेल उजेडानेही पातळ होते, हेसुद्धा पुस्तकात आहे. माझ्या बाटल्या पांढऱ्या काचेच्या होत्या आणि त्या कपाटाला दर्शनी बाजूने काच आहे. गाइड सर, दोन परीक्षक, आपली तज्ज्ञ समिती आणि कॉलेजची संशोधन समिती यांतून पार पडलेल्या या कामाबद्दल हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तो ‘भावी नगरसेवक’ छापून वाळत घातलेल्या दुकानात.

बाकी तयारीबद्दल थोडक्यात. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि आपल्या तारखा त्यानंतर निश्चित झाल्या, त्यामुळे हुसेनसागर एक्सप्रेसच्या वेटिंग लिस्टचा अभ्यास झाला. तत्काळमध्ये स्लीपरची खिडकी सकाळी ११ला उघडते. तेव्हा आमचा सेशनलचा पेपर होता, म्हणून ते काम भावाने केले आणि त्याबद्दल तो आयुष्यभर ऐकवणार आहे. पोस्टर नेण्यासाठी प्लंबिंगच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या आणल्या आहेत. ब्लेझर हॉस्टेलचा आहे. निळा, एका बटणाचा, खिशावर आधीच्या बिल्ल्यांची भोके. त्या ब्लेझरने माझ्यापेक्षा किती तरी जास्त परिषदा पाहिल्या आहेत आणि तो एकटा गेला असता तरी प्रमाणपत्र घेऊन आला असता.

राहण्याची सोय आपण ‘शेअरिंग तत्त्वावर, उपलब्धतेनुसार, वेगळे शुल्क भरून’ केली आहे. आम्ही ती घेत नाही. माझी मैत्रीण सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली. पणजोबा हातमागावर बसायला तेलंगणातून इकडे आले, घरात अजून तेलुगूच. तिची मावशी हैदराबादेत आहे. तिथे उतरायचे म्हणून मावशीसाठी दोन सोलापुरी चादरी, शेंगाचटणीची बरणी आणि कडक भाकरीचे बोचके निघाले आहे. कडक भाकरी कितीही दिवस टिकते. तिची स्थिरता तपासायला कुठलेही कपाट लागत नाही, आणि आई दर अर्ध्या तासाने हे मला ऐकवते.

आपल्या माहितीपत्रकात चारमिनार आहे, फिल्म सिटी आहे, बिर्याणीचा पानभर फोटो आहे. कार्यक्रमपत्रिका त्याखाली उरलेल्या जागेत आहे. मला एक शंका विचारायची होती. १९६१ साली स्थापन झालेल्या आयडीपीएलचा कृत्रिम औषधांचा कारखाना याच शहरात उभा राहिला. तिथे नोकरी केलेल्या अंजी रेड्डींनी पुढे १९८४मध्ये डॉ. रेड्डीज काढली. हैदराबाद औषधांचे शहर झाले ते असे, त्या कारखान्यात शिकलेल्या माणसांमुळे. औषधे शिकणारी पोरे हैदराबादेत आणून त्यांना यातले काहीच दाखवायचे नाही, हे ठरवायला समितीला किती बैठका घ्याव्या लागल्या? बिर्याणीची तक्रार नाही. ती आम्ही दुसऱ्या दिवशी जेवणानंतरच्या सत्रात, म्हणजे सगळे जातात तेव्हाच, खायला जाणार आहोत.

प्रमाणपत्राचे आपले नियोजन मला विशेष आवडले. तिसऱ्या दिवशी अभिप्रायाचा फॉर्म भरल्यावरच ते मिळेल आणि फॉर्ममध्ये ‘उत्तम’ आणि ‘अत्युत्तम’ असे दोनच पर्याय आहेत. कॉलेजला त्याची रंगीत प्रत नॅकच्या फाइलसाठी हवी आहे. भाऊसाहेबांनी तर मी निघायच्या आधीच तिच्यासाठी जागा सोडून पानाला क्रमांकसुद्धा टाकला आहे.

तेव्हा एकच विनंती. आपण प्रत्येक पोस्टरला पाच मिनिटे दिली आहेत, तीन बोलायला आणि दोन प्रश्नांना. मी बोलणार नाही. पाचही मिनिटे प्रश्नांना द्यावीत. तिसऱ्या महिन्याचा खांब मी छापून घेतला आहे, बाकीच्यांच्या मानाने बुटका आहे पण लाल रंगात आहे, दुरूनही दिसेल. गाइड सरांना पोस्टर दाखवले ते पाइपमध्ये घालून टोपी बसवल्यावर. हे पत्र उघड असले तरी ते वाचतील अशी भीती नाही, कारण गोषवाराही त्यांनी शीर्षकापुढे वाचला नव्हता.

आणि परीक्षक कमी पडत असतील, तसे ते पडतातच, तर आमच्या चौकातले दादा यायला तयार आहेत. मानधन नको म्हणतात. त्यांना प्रमाणपत्र द्यायचे झाल्यास तेही ते स्वतःच छापून आणतील. फक्त आपला लोगो सीडीआर फाइलमध्ये पाठवावा, जेपीजी मोठा केला की फाटतो.

कळावे,

आपली विश्वासू,
एक प्रतिनिधी
(शुल्क भरलेले, पावती सोबत जोडली आहे)