अगंबाई, जमिनीला ताप आलाय का?

ऐकलंत का? न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना नवं खूळ लागलंय. घरातली जुनी जमीन उखडायची, तिथे हुबेहूब लाकडासारखी दिसणारी टाईल घालायची आणि त्या टाईलखाली विजेच्या तारा अंथरून फरशी चक्क तापवायची! मे महिन्यात गार शहाबादी फरशीवर उघड्या पाठीने लोळून मोठी झालेली माणसं ही. आता जमिनीलाच शेगडी लावून बसलीयेत.

परवा एका वहिनींकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाहेर बर्फ, दाराशी बुटांचा ढीग. आत येणारी प्रत्येक बाई दोन पावलं टाकायची, थबकायची आणि सोफा सोडून खालीच बसकण मारायची. तिळगूळ झाला, वाण झालं, तरी एक उठेल तर शपथ! वहिनींच्या सासूबाई भारतातून नुकत्याच आलेल्या. त्यांनी पाऊल टेकवलं आणि दचकून मागे घेतलं, "अगंबाई, जमिनीला ताप आलाय का?"

आणि फसवणूक तरी किती! टाईल पोर्सेलीनची, वरच्या रेषा नि गाठी छापील. नक्षीचे ठरावीकच नमुने असतात. म्हणून तीन-चार खोकी एकदम उघडून फळ्या सरमिसळ करून लावायच्या असतात. एकीच्या गवंड्याने खोकं संपवत संपवत काम उरकलं. दिवाणखान्यात तीच गाठ, तोच डाग, शेजारी शेजारी. बाईंनी वर जाड गालिचा टाकला. तर माहितीपत्रकात लिहिलेलं: तारांवर जाड गालिचा टाकू नका, उष्णता कोंडते. आता बोला!

खरं सांगू? आपल्यासारख्या घरात अनवाणी वावरणाऱ्यांनाच याचं सुख कळणार. बरं, ही नक्कल आहे म्हणूनच जमतंय. खरं लाकूड सततच्या उष्णतेने सुकतं, आक्रसतं, फटी पडतात. पोर्सेलीन ढिम्म, वर ऊबही झटकन पायाला पोचवतं. कोरियन लोक तर चुलीचा धूर दगडी जमिनीखालून फिरवून शतकानुशतकं हेच करत आले. तेव्हा फार नाकं मुरडू नका.

पण हौसेला मोल असतं. साधारण एका चौरस फुटाला 12 वॅट. 50 चौरस फुटांच्या बाथरूमला 600 वॅट, म्हणजे इस्त्रीहूनही कमी. तेच 800 चौरस फूट तापवायला निघालात तर साडेनऊ किलोवॅटच्या वर. मग बिल बघूनच घाम फुटेल, तारांची गरज काय?

घर जुनं असेल आणि खाली नऊ इंची चौकोनी लादी निघाली, तर नवऱ्याच्या हाती हातोडा देऊ नका. तिच्यात किंवा तिच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्या.

माझं विचाराल तर बाथरूम तापवा, फार तर स्वयंपाकघरात ओट्यापुढची जागा. तारा अंथरण्याआधी, अंथरल्यावर आणि टाईल बसल्यावर मीटर लावून तार शाबूत आहे ना, ते बघायला सांगा. आणि टाईलखाली झाकल्या जाण्याआधी तारांचे फोटो काढून ठेवा. उद्या कुणी जमिनीत दाराचा स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन आलं, तर तेच कामी येतील.