पयलेसारखी नाही राह्यली

हा माणूस तुमच्या ओळखीचा आहेच. पुण्यात असला तर मिसळीच्या पहिल्याच घासाला नाक मुरडतो, नागपुरात असला तर पोह्यांवरची तर्री कशी पांचट झाली ते सांगतो, जळगावात असला तर भरताच्या वांग्यावर खेकसतो. शेगावात तो कचोरीवर असतो. आमच्या गावात असे नमुने पैशाला पासरी, पण ज्यांच्यामुळे हे लिहायची वेळ आली ते एकच. त्यांना सगळा बाजार ‘भाऊ’ म्हणतो, मीही भाऊच म्हणतो. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. तिकिटं फाडणं संपलं, पण भेटेल त्याच्या हातात काहीतरी फाडून द्यायची खोड गेली नाही. म्हणून आता शेरा देतात.

शेरा एकच. “पयलेसारखी नाही राह्यली.”

कचोरी खाऊन झाल्यावर म्हणाले असते तर माझी काही तक्रार नव्हती. ते कढईकडे लांबून बघूनच म्हणतात. दुकानाची पायरी चढताना म्हणतात. एकदा घरून निघताना, चपला घालता घालता मला म्हणाले, “चाल, कचोरी खाऊन येऊ. पयलेसारखी नाही राह्यली, पण चाल.”

मग दुकानात परीक्षा सुरू होते. कचोरी कागदावर येते, बाजूला तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. मिरचीला भाऊ आधी हात लावत नाहीत. अंगठ्याच्या नखानं कचोरीच्या वरच्या पापुद्र्याला छोटी खिडकी पाडतात आणि वाफेची वाट बघतात. वाफ आली नाही तर “सकाळची हाय.” आली तर “घाईनं काढली, आतून कच्ची हाय.” मग बोटाच्या टोकावर चिमूटभर सारण काढून उजेडात धरतात. मुगाची डाळ भरड की बारीक, बडीशेप आहे की नुसती वासाला, तिखट मिरचीचं की पुडीचं. सोन्याचा कस लावणाऱ्या खामगावच्या सराफालाही इतका वेळ लागत नसेल. नंतर खातात. खाताना डोळे मिटतात, आणि तेवढ्या वेळात मला दर वेळी वाटतं की आज गडी काहीतरी चांगलं बोलणार.

डोळे उघडले की कागद उचलतात आणि ट्यूबलाइटसमोर धरतात.

“पाय, केवढा डाग पडला तेलाचा! पयले असा डाग पडे काय?”

“पयले कागद जाड होता भाऊ,” असं दुकानातला पोरगा एकदा म्हणाला. त्या दिवसापासून भाऊ त्याच्याशी थेट बोलत नाहीत. मालकाला सांगतात, “याले म्हणा, अजून एक आण.” दुसरी येते. पहिलीवरून निकाल देणं बरं नव्हे, असं त्यांचं म्हणणं असतं. दोघींत मतभेद निघाला तर तिसरी लागतेच.

बिघाड नेमका कशात झाला, यावर भाऊंची मतं ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात मैद्यावर आळ येतो, उन्हाळ्यात पाण्यावर. पण मुख्य आरोपी तेल. “पयलेचं तेलच येगळं होतं. आता थे तेल कुठी राह्यलं?” कुठलं तेल, असं विचारलं की बाकावरच्या बाकीच्या जाणकारांत फूट पडते. एक म्हणतो शेंगदाण्याचं, दुसरा म्हणतो सरकीचं, कारण खामगावला कपाशीचा केवढा बाजार भरायचा. तिसरा म्हणतो की आता शेतंच सोयाबीनची झाली तर कढई तरी दुसऱ्या कशाची असणार. तिघंही खात असतात. दुकानदाराला विचारायचं मात्र कुणाच्या मनात येत नाही. त्यानं खरं सांगितलं तर उद्या बोलायचं काय?

बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना भाऊ मतदार मानतच नाहीत. पुण्याच्या एक बाई “सोबत गोड चटणी नाही का?” म्हणाल्या, तेव्हा भाऊंनी मला बाहेर नेलं, जणू आत काही अपघात झाला होता. कोटा शहरातून आलेले एक गृहस्थ मोठ्या प्रेमानं समजावत होते की त्यांच्याकडच्या कचोरीत उडदाची डाळ असते आणि हिंग असा लागतो की रस्त्यापलीकडे वास यावा. भाऊंनी पूर्ण ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि ते गेल्यावर म्हणाले, “चांगला माणूस होता. कचोरी खाल्ली नसंल त्यानं कधी.” आपल्या कचोरीला त्यांनी कितीही नावं ठेवावीत, दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

खरी मजा स्टेशनवर. आमचं स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे आणि गाडी थांबते जेमतेम. विदर्भ एक्सप्रेस असो की महाराष्ट्र एक्सप्रेस, एका हातात पुडा, दुसऱ्या हातात सुट्टे, आणि सुरू झालेल्या गाडीच्या दारातून “मिरच्या टाकल्या का?” अशी आरोळी. एसीचे डबे वाढले तेव्हापासून खिडकीतला व्यवहार कमी झाला. काचेपलीकडची माणसं नुसत्या भुवया उंचावून भाव विचारतात. फलाटावर मत द्यायला कुणाला वेळच मिळत नाही, त्यामुळे मतं गाडीत पिकतात. भाऊ कंडक्टर होते, माणसं कुठल्या थांब्याला काय बोलतात याचा त्यांचा अभ्यास आहे. त्यांच्या हिशोबानं मुंबईकडे जाणाऱ्या डब्यात जलंबपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं, नांदुऱ्याला दोन पक्ष पडतात, मलकापूरला “आम्ही लहानपणी खाल्ली होती ती कचोरी” सुरू होतं, आणि भुसावळला विषय केळ्यांवर जातो.

गावही या माणसाला पोषकच आहे. मंदिरापासून स्टेशनपर्यंत निघा, दर थोड्या अंतरावर एक पाटी सांगते की खरी, जुनी, मूळ कचोरी इथेच मिळते. एवढ्या खऱ्या जागा असल्यावर तुलना होणारच.

एकदा मी चिडून भाऊंना त्यांच्याच गावाचा दाखला दिला. 23 फेब्रुवारी 1878 ला गजानन महाराज शेगावात प्रथम दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, टाकून दिलेल्या उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना. बंकटलाल अगरवालांनी ते पाहिलं, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हटलं, भाऊ, ज्या गावात साक्षात महाराजांनी शितं वेचून खाल्ली आणि चवीबद्दल अक्षर काढलं नाही, त्या गावात बसून तुम्ही कागदावरचा डाग मोजता?

भाऊ गंभीर झाले. मला वाटलं, लागलं.

“तवा कचोरी नोती ना गावात,” ते म्हणाले. “असती तं चांगली असती बापा.”

ही पहिलेची कचोरी आहे तरी केव्हाची, याचा मी एकदा छडा लावायला बसलो. भाऊंच्या मते ती त्यांच्या शाळेच्या दिवसांतली, चाराण्याची. बाप हाताला धरून स्टेशनवर घेऊन जायचा, दोघांत मिळून एक घ्यायची. “मंग तुमचे वडील काय म्हणत?” भाऊ जरा वेळ गप्प बसले, मग हसायला लागले. बाप म्हणायचा, अन् कागद बोटानं चेपत म्हणायचा, “पयलेसारखी नाही राह्यली लेका.”

म्हणजे शोध आणखी मागे न्यावा लागला. आणि मागे गेलं की वाट एका माणसापाशी संपते. फाळणीनंतर पंजाबातून तीरथराम करमचंद शर्मा नावाचे गृहस्थ शेगावला आले आणि 1950 च्या आगेमागे त्यांनी इथल्या रेल्वे स्टेशनवर कचोरी विकायला सुरुवात केली. शेगाव कचोरी म्हणून जी आज सगळीकडे ओळखली जाते, तिचा उगम तो. वऱ्हाडातल्या ज्वारीच्या भाकरीवर, पिठल्यावर आणि ठेच्यावर वाढलेल्या गावाला मैद्याची ही गोल वस्तू एका निर्वासितानं खायला शिकवली, आणि आपण ती इतकी आपली करून टाकली की आता तिच्यावरून एकमेकांना नावं ठेवतो.

मला त्यांचा विचार अधूनमधून येतो. ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ असं म्हणायचा खरा हक्क या गावात कुणाला असेल तर तो त्या माणसाला होता. घर पलीकडे, पीठ इथलं, मिरची इथली, गिऱ्हाईक अनोळखी भाषेचं आणि हातात वेळ गाडी थांबेल तेवढाच. ते काय म्हणाले असतील कुणास ठाऊक. त्यांनी कचोरी तळली, आणि आपण पंचाहत्तर वर्षं तेल कुठलं यावर भांडतो आहोत. भाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मिरचीचं देठ बाजूला ठेवलं. “मोठा माणूस,” म्हणाले. त्या दिवशी कागद उजेडात धरला नाही. दुसऱ्या दिवशी धरला.

2020 च्या मार्चमध्ये मंदिर बंद झालं, गाड्या थांबल्या, बाजार थंड पडला. भाऊंचे हाल बघवत नव्हते. पास नसलेला प्रवासी जसा दाराशी घुटमळतो तसे ते घराच्या दारात उभे असत. शेवटी वहिनींनी घरीच घाट घातला, मैदा मळला, मूगडाळ भिजवली, मिरच्या तळल्या. भाऊंनी चार खाल्ल्या आणि काहीच बोलले नाहीत. वहिनी मला फोनवर सांगत होत्या, “एक शब्द नाही काढला हो भाऊजी. मले तं काळजीच लागली, ताप तं नाही आला?” मला वाटतं ते पहिल्यांदा धोरणानं वागले. पण पुढे दुकानांच्या कढया चढल्या त्या आठवड्यात मी त्यांच्यासोबत होतो. मालक झारा हातात धरून समोर उभा राहिला, पोरगाही काम सोडून आला. खिडकी, वाफ, चिमूट, मिटलेले डोळे, सगळं यथासांग झालं. “पयलेसारखी नाही राह्यली,” भाऊ म्हणाले. मालक जोरात हसला आणि पोराला म्हणाला, “जाय, अजून एक आण. दुकान सुरू झालं.”

तेव्हापासून माझी चिडचिड थोडी उतरली आहे, हे कबूल करायला जिवावर येतं.

भाऊंचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. शेगावहून कुणीही पुण्याकडे निघालं की भाऊ पुडा घेऊन हजर. गेल्या वेळी पाळी माझ्यावर होती. सूचनांची यादी मोठी: प्लास्टिकमध्ये घालू नका, घाम येते तिले. वरती सामान ठेवू नका. मिरच्या वेगळ्या बांधल्या, थ्या वेगळ्याच राहू द्या. तव्यावर गरम करायला सांगजा, थ्या मशीनमध्ये नाही. स्टेशनवर निरोप द्यायला आलेला हा माणूस माझ्याकडे बघतच नव्हता, माझ्या मांडीवरच्या पुड्याकडे बघत होता.

मुलानं अर्थातच ‘थ्या मशीनमध्ये’ गरम केली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, “काका, चांगली आहे, पण पहिल्यासारखी नाही राहिली. बाबा ड्युटीवरून आले की खिशातून काढायचे ना, चपटी झालेली, तिकिटांचा वास लागलेली. तशी नाही आता.”

शेगावला परत आल्यावर भाऊंनी पहिला प्रश्न तोच केला. पोरगा काय म्हणाला? मी मुलाचा शेरा जसाच्या तसा सांगितला, चपट्या कचोरीसकट. वाटलं होतं, वारसा चालू राहिला म्हणून खूश होतील. भाऊंचा चेहरा पडला. मग भडकले. “त्याले काय समजते? गार झाली असंल! हे आजची कचोरी त्या वेळच्यापेक्षा शंभर पटीनं चांगली हाय, सांगा त्याले!” बाकावरचे तिघं जाणकार खाता खाता थांबले. भाऊंना आपण काय बोललो ते उमगलं, त्यांनी घाईघाईनं समोरचा कागद उचलला आणि उजेडात धरला. कागद कोरा होता. कचोरी अजून आलीच नव्हती.

शेगावला याल तर आधी दर्शन करा, मग कचोरी गरम असतानाच उभ्यानं खा. घरी नेऊन तिच्याबद्दल मत बनवू नका. मिरची सोबत मिळतेच, मागावी लागत नाही. गोड चटणी मागू नका. आणि बाजूच्या बाकावर अंगठ्याच्या नखानं खिडकी पाडणारे कुणी गृहस्थ दिसले तर तुमच्यातर्फे त्यांना एक सांगा. मत ते फुकट देतात.