सायटिंगकर

आडनाव जोशी असो, पाटील असो, नाहीतर डिसूझा. ताडोबाच्या दोन-तीन खेपा झाल्या की माणसाचा सायटिंगकर होतो. पहिल्या खेपेला तो पर्यटक असतो, दुसरीला निसर्गप्रेमी. त्यानंतर मात्र त्याचं निसर्गावरचं प्रेम संपतं आणि फक्त वाघ उरतो.

एरवी तो पुण्यात किंवा ठाण्यात एखाद्या सोसायटीत राहतो, महिन्याच्या महिन्याला पगार घेतो आणि पार्किंगच्या भांडणात हिरिरीने पडतो. पण बारसं असो की मुंज, त्याच्या अंगावर मातकट हिरव्या रंगाचं, सहा खिशांचं जाकीट असतं. एका खिशात लेन्स पुसायचं फडकं. बाकीचे पाच रिकामे, पण ते असावे लागतात. आपण सहज म्हणावं, ‘आम्ही मे महिन्यात महाबळेश्वरला जाऊन आलो,’ की तो करुणेने आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘आम्ही मोहर्लीतून केलं. चार कोअर, दोन बफर.’ काय केलं आणि कुठे केलं, हे सांगायची त्याला गरज वाटत नाही. ज्याला कळलं नाही त्याचं नशीब.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा चंद्रपूरकर सुद्धा घराबाहेर पडत नाहीत, आणि नेमका तेव्हाच सायटिंगकर तिथे पोचतो. या बाबतीत मात्र त्याचा हिशोब चोख आहे. हे पानगळीचं जंगल. उन्हाळ्यात झाडं उघडी पडतात, लांबवरचं दिसतं. ओढे आटतात, मोजके पाणवठे उरतात, आणि उकाड्याने हैराण झालेला वाघ पाण्यात शेपटीकडून शिरून तासन्‌तास बसून राहतो. वाघ गारव्याला बसतो आणि सायटिंगकर उन्हात. दोघांपैकी शहाणा कोण, हा प्रश्न त्याच्या बायकोने एकदा विचारला होता. तेव्हापासून ती महाबळेश्वरला जाते.

ताडोबाचा भूगोल त्याला तोंडपाठ आहे, फक्त तो पुस्तकातल्या भूगोलाशी जुळत नाही. पुस्तकातला असा: चंद्रपूर जिल्ह्यातलं साग-बांबूचं जंगल, १९५५ साली त्यातलं सुमारे ११६ चौरस किलोमीटर राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. १९८६ साली लगतचं अंधारी अभयारण्य जाहीर झालं, आणि पुढे १९९५च्या सुमारास दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आज गाभ्याचं, म्हणजे कोअर, क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याच्याभोवती अकराशेवर चौरस किलोमीटरचं बफर. यातलं सायटिंगकराला काही विचारू नये. त्याच्या नकाशात टेकडी नाही, नदी नाही. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा, झरी ही गेटं आणि पांढरपौनी, तेलिया हे पाणवठे, एवढाच त्याचा नकाशा. ‘अंधारी कुठे आहे हो?’ असं एका नवख्याने त्याला विचारलं तेव्हा त्याने गंभीरपणे उलट विचारलं, ‘कुणाचं पिल्लू?’ अंधारी ही त्या जंगलातून वाहणारी नदी आहे, आणि अभयारण्याला नाव तिचंच आहे.

इतिहासाचंही तेच. त्याच्या लेखी इतिहास म्हणजे वाघांची घराणी. वाघडोह, गब्बर, मटकासुर, माया, येडा अण्णा: ही नावं तो अशा अदबीने घेतो की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं. छोटा मटका हा मटकासुराचा मुलगा हे तो झोपेतही सांगेल. स्वतःच्या चुलत आत्याचे यजमान काय करतात हे जागेपणीही सांगता येणार नाही. २०२२च्या मे महिन्यात वाघडोह म्हातारपणाने गेला तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवरचा आपला फोटो आठवडाभर काळा ठेवला. पांढरपौनीची राणी माया २०२३च्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली आणि नोव्हेंबरात तिचे अवशेष सापडले, तेव्हा त्याने ऑफिसात अर्धा दिवस रजा टाकली. सासरे गेले त्या दिवशी तो कोलारा गेटवर होता. ‘बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं,’ असं तो अजून सांगतो. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आहे. मान्य केलेलं नाही.

पहाटे गेटवर त्याला पाहावं. परवाना, ओळखपत्र, मोबाइल जमा करणं हे सोपस्कार चालू असतात. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, हा नियम त्याला फार आवडतो, कारण मग आत काय घडलं याचा पुरावा फक्त त्याच्या कॅमेऱ्यात राहतो. जिप्सीत पर्यटक सहा. त्यातली मागची उंच सीट त्याने आधीच धरलेली असते, आणि हातभर लेन्स शेजाऱ्याच्या मांडीवर. गाईड म्हणजे बहुतेक वेळा शेजारच्याच गावातली एखादी मुलगी किंवा मुलगा. तिला तो नाव-गाव विचारत नाही. पहिला प्रश्न, ‘काल कुठे झालं?’

‘तेलियाला होती जी, संध्याकाळी.’

‘बच्च्यांसकट?’

‘नाही जी, एकटीच.’

‘मग आज पांढरपौनी करू,’ असा निर्णय तो परस्पर देऊन टाकतो. ड्रायव्हर आणि गाईड एकमेकांकडे बघतात आणि गाडी जिकडे न्यायची तिकडेच नेतात.

मंगलाष्टकं चालू असताना जेवणाच्या मंडपाकडे डोळे लावून बसलेला पाहुणा असतो ना, तसा सायटिंगकर पुढचा तासभर बसतो. डोक्यावर अक्षता पडतात, पण त्याचं लक्ष नसतं. वाटेत चितळांचा कळप लागतो. ‘चितळ,’ तो म्हणतो, आणि प्रकरण मिटतं. डांबर ओतल्यासारखा काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातलेला गवा दहा हातांवर उभा राहून रवंथ करत असतो. ‘हे राधानगरीला पण असतात.’ कुलूचं झाड दिसतं. फटफटीत पांढऱ्या खोडाचं, चांदण्यात असं चमकतं की लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. ‘याच्यामागे लेपर्ड असेल का?’ बिबट्या नाही म्हटल्यावर झाडही संपलं. एकदा रानकुत्र्यांच्या टोळीने गाडीच्या डोळ्यांदेखत चितळ पाडलं. रानकुत्रा जगातूनच कमी होत चाललेला प्राणी. त्याची शिकार बघायला मिळावी म्हणून अभ्यासक जंगलात वर्षं काढतात. सायटिंगकराने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, ‘हे इथे आहेत म्हणजे वाघ इथे नाही. चला.’

तर्क बरोबर होता. तीच तर पंचाईत आहे: त्याचे तर्क पुष्कळदा बरोबर असतात. चितळ घाबरट, ते कशालाही ओरडतं. वानर झाडाच्या शेंड्यावरून बघून खाकरतं, ते जास्त भरवशाचं. पण सांबर एकदा ‘पोंक’ म्हणून पाय आपटायला लागलं की उगाच नाही, हे त्याला नीट माहीत आहे. म्हणून सांबराचा कॉल आला की त्याच्यात संचार होतो. मणक्याचा त्रास असलेला हा पन्नाशीचा गृहस्थ सीटवर चढून एका पायावर उभा राहतो. शेजारच्यांना दटावतो. श्वाससुद्धा हळू घ्यायला सांगतो आणि स्वतः मात्र इतक्या मोठ्यांदा ‘शूऽऽ’ करतो की सांबरच गप्प होतं.

ताडोबा तलावाच्या काठी गाडी थांबली की गाईड सांगू लागते. तारू नावाचा इथल्या गावचा प्रमुख होता. वाघाशी झालेल्या झुंजीत तो गेला आणि लोकांनी त्याचा देव केला. ताडोबा तो हाच. काठावरच्या मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, आणि पौषात आदिवासींची जत्रा भरत आलेली आहे. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. वाघाने माणूस मारला, आणि इथल्या गोंड आदिवासींनी ना वाघाचा सूड घेतला, ना ते माणसाला विसरले; त्याचा देव केला आणि त्याच्या नावाचं जंगल वाघासकट जपलं. या साऱ्या कथेवर सायटिंगकराची प्रतिक्रिया अशी: ‘झुंज कुठल्या झोनला झाली?’

तलावात मगरी आहेत, मत्स्यगरुड आहे. रस्त्याच्या कडेने गोंड राजांच्या काळचे दगडी खांब उभे आहेत. राजाची स्वारी निघाली की या खांबांतून दोर ओवून त्याला बांधलेल्या घंटांनी पुढे वर्दी देत, असं सांगतात. म्हणजे त्या काळीही या वाटेने मोठी माणसं यायची आणि गावकऱ्यांना त्यांची वर्दी आधी मिळायची. खांब तसेच आहेत, घंटा गेल्या. आता वर्दी जिप्सीच्या धुळीने मिळते.

आणि मग एकदाचा वाघ दिसतो. दिसतो म्हणजे, बांबूच्या बेटामागे एक कान, वीतभर पट्टे आणि शेपटीचं टोक. तेवढ्यात समोरून-मागून जिप्सींची रांग लागते, ड्रायव्हर इंच-इंच गाडी पुढेमागे घेतात, लहान मुलं ‘कुठेय, कुठेय’ करतात. वाघीण उठते, रस्त्यावर येते, सगळ्यांकडे एकदा सावकाश बघते आणि पलीकडच्या गवतात निघून जाते. जंगलातून वाघ चालत जाताना पायांचा आवाज कसा होत नाही, तिच्या खांद्यांची हाडं कशी आळीपाळीने वर येतात, ती आल्याबरोबर पाखरांचा सूर कसा बदलतो, हे सगळं उरलेले पाच जण बघतात. सायटिंगकर तिला व्ह्यूफाइंडरमधून बघतो. ती गेल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो. रात्री लॅपटॉपवर बघतो. नुसत्या डोळ्यांनी बघायचं राहून जातं. ‘हेड-ऑन मिळालाच नाही, थेट समोरून येतानाचा,’ असं म्हणत तो जेवायला बसतो.

मंगळवारी सफारी बंद असते. त्या दिवशी तो रिसॉर्टच्या व्हरांड्यात नवख्यांना गाठून मागच्या वर्षीच्या वाघाचे एकशे चाळीस फोटो दाखवतो. तो एकच वाघ असतो आणि तो झोपलेला असतो.

पण एका सफारीत त्याची आणि गाईडची जरा वेगळी गाठ पडली. नवेगाव, जामणी, बोटेझरी ही गावं गाभ्यातून उठवून बाहेर वसवलेली आहेत; जिथे घरं आणि शेतं होती तिथे आता गवताची मोठाली कुरणं झाली आहेत. चितळं-सांबरं तिथे चरायला येतात आणि त्यांच्या मागोमाग वाघ. तशा एका कुरणाशी गाडी थांबली तेव्हा सायटिंगकर खूश झाला. ‘क्या बात है! ओपन मेडो. इथे हेड-ऑन मिळणारच.’

‘त्या आंब्याजवळ आमच्या मामाचं घर होतं जी,’ गाईड म्हणाली.

सायटिंगकर गप्प झाला. मग त्याने लेन्स आंब्याकडे वळवली, एक फोटो काढला आणि तिला दाखवला. आंबा चांगला आला होता. तिने बराच वेळ बघितला. त्याने पहिल्यांदाच कुठल्या झाडाचा फोटो काढला होता, आणि त्याच्यामागे वाघ नव्हता.

बाहेर, बफरमधल्या गावांत, वाघ हा वेगळा विषय आहे. एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बायामाणसं जंगलात वाकून काम करत असतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. दर उन्हाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातून अशा बातम्या येतात. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. वाघ वाढले, जंगल तेवढंच राहिलं, आणि वाढीव वाघ शेतांच्या बांधापर्यंत, खाणींपर्यंत, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारापर्यंत पोचले. सायटिंगकर ज्यासाठी कित्येक आठवडे आधी पैसे भरतो, ते सायटिंग या बायांना फुकट असतं आणि कुणालाच नको असतं.

म्हणून सायटिंगकराला नुसतं हसूनही भागत नाही. त्याच्या या वेडावर गाईडचं घर चालतं, जिप्सीचा हप्ता फिटतो, आंघोळीच्या गरम पाण्यापासून झुणका-भाकरीपर्यंत शंभर कामं गावात राहतात. ज्या गावाला वाघाचा त्रास आहे त्याच गावाला वाघाचं दोन पैसे उत्पन्न असलं, तर विहिरीत पडलेला बछडा बाहेर काढायला तेच गाव धावतं. हे गणित सायटिंगकराने मांडलेलं नाही, पण त्यात त्याचा आकडा धरलेला आहे. माणूस निरुपयोगी नाही. अर्धा आंधळा आहे इतकंच.

तेव्हा ताडोबाला जाणाऱ्यांना एक सांगणं आहे. तुमच्या जिप्सीत सायटिंगकर येणारच. त्याला मागची उंच सीट बिनतक्रार देऊन टाका आणि तुम्ही पुढच्या ओळीत, गाईडच्या पाठीशी बसा. तिला तिचं गाव विचारा, तारूची गोष्ट पुन्हा सांगायला लावा, समोर उभ्या झाडाला ऐन म्हणतात की बीजा ते विचारून घ्या, आणि रानकुत्री दिसली तर गाडी थांबवायला सांगा. वाघाची चिंता करू नका. तो दिसला, की सायटिंगकराचं कोपर सर्वांत आधी तुमच्याच बरगडीत बसणार आहे.