पुट अपच्या पुढचा विथ

बँकेत असताना हेड ऑफिसला जाणारं प्रत्येक इंग्रजी पत्र माझ्या नजरेखालून जायचं. ही माहिती मला कोणी विचारत नाही, तरी मी देतो.

त्यामुळे लेस्टरहून भाच्याच्या इंग्रज बायकोचा मेल आला, 'कॅन यू पुट अस अप फॉर अ फोर्टनाइट?', तेव्हा उत्तर अर्थातच मी लिहिलं. पुट अप म्हणजे मुक्काम, हे मला डेक्कन क्वीनपासून ठाऊक. 'व्हेअर डू यू पुट अप?' विचारून आमच्या पिढीने अख्ख्या डब्याचे पत्ते गोळा केलेत. पण नुसतं 'पुट अप' जरा कोरडं वाटलं. आपुलकीसाठी एक 'विथ' घातला. 'वुई शॅल ग्लॅडली पुट अप विथ यू.' तुमच्यासोबत राहायला आवडेल, हा माझा हिशेब. पंधरा दिवस तुम्हाला आनंदाने सोसू, हा इंग्रजीचा.

भाच्याचा फोन आला. "मामा, अस्सल नारायण पेठी उत्तर! तोंडावर!"

ज्या पेठेत टिळकांच्या गायकवाडवाड्यातून 'मराठा' निघे आणि सरकारला इंग्रजीत ठोकून काढी, तिथे मी हे दिवे लावले. जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय, की क्रियापदाला जोडलेली ही शेपटं परक्यांना फार छळतात. आमच्या मास्तरांनी ती प्रस्तावना वाचली असती, तर माझा डावा तळवा वाचला असता.

आणि शेपटं काय त्यांनाच आहेत? आपलं 'सांगून' घ्या. सांगून पाहिलं, म्हणजे ऐकलं कोणी नाही. सांगून टाकलं, म्हणजे पोट हलकं झालं. सांगून बसलो, म्हणजे आता निस्तरा. आणि 'सांगून ठेवतो' ही तर आमच्या पेठेत कायदेशीर नोटीसच. दारासमोर स्कूटर लावणाऱ्याला एवढंच म्हणावं, पुढचं वाक्य लागत नाही. 'ठेवणं' इथे कपाटात नसतं, 'टाकणं' कचऱ्यात नसतं, 'बसणं' खुर्चीवर नसतं. हे शिकवायला कोणी छडी घेतली नाही. भाचेसून आल्यावर चहाच्या वेळी मी तिला हे सगळं शिकवलं. रोज. ती वहीत लिहून घ्यायची. (घ्यायची! बघा, आणखी एक.)

चीड मात्र एका गोष्टीची येते. मराठीत मी दिवसाला दहा चुका करतो आणि जेवून शांत झोपतो. इंग्रजीतल्या त्या एका 'विथ'पायी दोन रात्री डोळा लागला नाही. साठी उलटलेला माणूस पुन्हा बाकावर उभा होतो, मागे वर्ग हसत असतो. नातवंडांना पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ही भीती त्यांच्याही दप्तरात दिसते. उलट सुनेने पत्र्या मारुतीपाशी भाजीवाल्या मावशींना "कांदा आली का?" विचारलं, तर मावशींनी कौतुकाने मूठभर कोथिंबीर वर घातली. माझ्या 'विथ'वर मला कोणी काही वर घातलं नव्हतं.

जाताना सुनेने बायकोच्या हातात चिठ्ठी ठेवली. देवनागरीत, टपोऱ्या अक्षरात: 'मामी, तुमच्याकडे मी पंधरा दिवस राहून टाकले. खूप आनंद झाला.'

शिकवणारा मीच. मी लाल पेन शोधायला उठलो. बायको म्हणाली, "हात लावू नका, सांगून ठेवते."

चिठ्ठी फ्रिजवर आहे, जशीच्या तशी.