घामाची प्रतिष्ठा

माझ्या घामाबद्दल माझं मत फार चांगलं आहे. तो साध्या पाण्याने भरून निघण्यातला नाही, त्याला इलेक्ट्रोलाइट्सच लागतात, अशी माझी ठाम समजूत आहे. आणि बागेत अर्धा तास झपाझप चालणाऱ्या पुष्कळांची आपापल्या घामाबद्दल तीच असावी. नाहीतर प्रत्येकाच्या हातात दातांनी टोपण ओढायची ती निळी बाटली दिसती ना. हिशेब मात्र आपल्या बाजूने नाही. स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण सहा टक्के साखर असते. म्हणजे अर्ध्या लिटरमागे 30 ग्रॅम, 120 कॅलरी. अर्धा तास चालून जेमतेम तेवढ्याच जळतात. फिट्टंफाट झाली, पैसे तेवढे वर गेले. तासाभराच्या आतल्या व्यायामाला पाणी पुरतं. मिठाचं म्हणाल, तर लोणचं-पापडावर पोसलेल्या देहाला त्याची चणचण कधी भासली आहे?

बाटलीचा यात दोष नाही. 1965 साली फ्लोरिडा विद्यापीठात डॉ. रॉबर्ट केड आणि सहकाऱ्यांनी गेटोरेड बनवलं ते तिथल्या उकाड्यात, अंगावर जड सरंजाम चढवून तासन्‌तास आदळआपट करणाऱ्या अमेरिकन फुटबॉलपटूंसाठी. आपण त्यांचं पेय उचललं, आदळआपट तिथेच ठेवली. कुणी म्हणेल, मग नैसर्गिक म्हणून शहाळं घ्यावं. जरूर घ्यावं, पण शहाळ्यात भरपूर असतं ते पोटॅशियम आणि घामातून मुख्यतः जातं ते सोडियम. कुणी म्हणेल, निदान पाणी तरी भरपूर ढोसावं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं, आणि त्यांत बरेच जण वाटेत पाणी पिऊन-पिऊन वजन वाढवून आलेले होते. 42 किलोमीटर धावून वजन वाढवणं हा पराक्रमच, पण जिवावर बेतणारा.

मीठ आणि साखर एकत्र का, हे सांगायचा मोह मात्र मला आवरत नाही. आतड्यात ग्लुकोज सोडियमला हाताला धरून आत नेतं आणि पाणी त्यांच्यामागून जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच द्रावण, म्हणजे ओआरएस, ड्रम भरभरून ठेवलं. नातेवाइकांनी ते पेल्यापेल्याने रुग्णांना पाजलं. सुमारे 30 टक्क्यांवरचा मृत्युदर चारच्या खाली आला. त्या ओआरएसचं नाव लावून पुढे आपल्याकडे गोड पाण्याचे खोके खपले. जुलाब झालेल्या पोराला आई तेच औषध समजून पाजत राहिली, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. इतकी वर्षं ते चाललं कसं, याचा मात्र संताप येतो.

तर शास्त्र एवढंच. तहान लागली की पाणी. उन्हात तासाच्या वर धावलात तर लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. यात खोट काढायला जागा नाही. अडचण इतकीच, की तांब्याने गटागटा पाणी पिणारा माणूस तहानलेला दिसतो, खेळाडू दिसत नाही.